आमच्या शेतातला हिवाळा



दिवाळीच्या सुट्टीआधी गुरुजींनी आम्हाला 'हिवाळा' या विषयावर निबंध लिहायला सांगितला. पण एक अट घातली. गाइडातला निबंध उतरवून आणायचा नाही. गुरुजी म्हणाले, "गाइडातला हिवाळा बर्फाचा असतो. भिवंडीत बर्फ फक्त मच्छीवाल्याच्या पेटीत दिसतो. तुम्ही आपल्या गावचा हिवाळा बघा आणि तो लिहा." सगळा वर्ग हसला. मी पण हसलो. पण घरी येऊन लिहायला बसलो तर दोन ओळींच्या पुढे पेन जाईना. "हिवाळ्यात थंडी पडते. लोक शेकोटी करतात." मग काय? म्हणून मी एक जुनी वही घेतली आणि दिवाळीपासून रोज जे दिसेल ते तिच्यात लिहीत गेलो. हा निबंध त्या वहीतून काढला आहे.

आमचे गाव भिवंडी तालुक्यात आहे. आमचे शेत गावाच्या खालच्या अंगाला आहे. पावसाळ्यात तिथे भात असते. आमच्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मग आठ महिने काही नाही. ही गोष्ट मला माहीत होती, पण तिचा हिवाळ्याशी काही संबंध आहे हे ठाऊक नव्हते. तो संबंध पुढे सांगतो.

भात कापून, झोडून झाले की शेतात नुसती खोडके राहतात. अजून खाली ओल असते. तेवढ्या ओलीवर आजी वाल आणि हरभरा टाकते. त्याला कोणी पाणी देत नाही. आजी म्हणते, "वाल दवावर पोसतो." गुरुजींना विचारले तर ते म्हणाले, "जमिनीत उरलेली ओल खालून आणि दव वरून, दोन्ही मिळून पोसतात." दव कसे पडते तेही त्यांनी सांगितले. हिवाळ्यात आभाळात ढग नसतात. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता मोकळ्या आभाळात सोडून देते आणि गार होते. तिला लागून असलेली हवाही गार होते. गार हवेत वाफ मावत नाही, म्हणून तिचे थेंब होऊन पानांवर बसतात. ढग असले की ते गोधडीसारखे वरून झाकतात, मग दव कमी पडते. मी वहीत बघितले. ज्या दोन दिवशी ढगाळ होते, त्या दोन्ही दिवशी माझे पाय कोरडे राहिले होते.

हरभऱ्याची एक गंमत आहे. त्याच्या पानांवर आंबट आंब असते. आजी रात्री हरभऱ्यावर स्वच्छ फडके पसरून ठेवते. पहाटे ते दवाने आणि आंबेने भिजते. मग ती ते पिळून बाटलीत भरते. पोट दुखले की चमचाभर देते. चव अशी की पोट दुखायचे थांबले नाही तरी 'थांबले' असे सांगावेसे वाटते.

आता प्राण्यांचे सांगतो. सगळ्यांत आधी मला पाली आठवल्या. पावसाळ्यात आमच्या वर्गातल्या ट्यूबलाइटजवळ तीन-चार पाली असायच्या. डिसेंबरात एकही दिसेना. एक दिवस सावित्रीबाईंच्या फोटोची माळ बदलताना बाईंनी फोटो जरा हलवला, तर मागे दोन पाली भिंतीला चिकटून बसलेल्या. हाकलल्या तरी हलेनात. पाल, सरडा, साप यांचे अंग आपल्यासारखे आतून गरम राहत नाही. बाहेर जेवढी थंडी तेवढे ते थंड. म्हणून थंडीत ते सुस्त होतात, खाणे कमी करतात आणि आडोशाला जाऊन बसतात. ऊन आले की उन्हात येतात.

हे मला आधी कळले असते तर बरे झाले असते. कारण नोव्हेंबरच्या शेवटी एक प्रसंग घडला. मी सकाळी गाईला पेंढा आणायला उडवीकडे गेलो. खालचा भारा ओढला तर त्यात एक लांबलचक साप! मी ओरडलो. शेजारचे दोघे काठ्या घेऊन धावत आले. साप काही हलत नव्हता. एक जण म्हणाला, "मेलेलाच आहे." दुसरा म्हणाला, "तरी डोकं ठेचू." तेवढ्यात आजोबा आले. त्यांनी वाकून बघितले आणि म्हणाले, "आरं थांबा. धामन हाय ती. मेली नाय. हीव भरलंय तिला. जरा उन लागूं दे, जाईल आपल्या पायानं."

सापाला पाय कुठे असतात, म्हणून मला हसू आले. पण आम्ही सगळे लांब उभे राहिलो. ऊन उडवीवर आले. साधारण अर्ध्या तासाने धामण हळूच हलली, जीभ बाहेर काढली आणि बांधाच्या बिळात निघून गेली. आजोबा म्हणाले, "ती नसती तर ह्या उडवीत उंदीरच उंदीर झालं असतं."

पण मित्रांनो, इथे एक महत्त्वाची गोष्ट लिहिली पाहिजे. सगळे साप धामण नसतात. घोणस थंडीच्या दिवसांतही बाहेर दिसते आणि ती अतिशय विषारी असते. तिचे अंग जाड असते, पाठीवर साखळीसारखे गोल तपकिरी ठिपके असतात आणि ती कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते. भारे उचलताना आधी काठीने हलवावेत, अंधारात बॅटरी घेऊन जावे. साप ओळखायला जवळ जाऊ नये. आणि साप चावलाच तर कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून बांधू नये, भगताकडे वेळ घालवू नये. चावलेला हातपाय न हलवता लगेच सरकारी दवाखान्यात न्यावे. विषावरचे औषध तिथेच मिळते. मोठ्या माणसांनी हे वाचले तर बरे होईल, कारण भारे तेच जास्त उचलतात.

बेडूक आणि खेकडे यांचे मी गुरुजींना विचारले, की ते थंडीला घाबरून जमिनीत जातात का? गुरुजींनी मला उलट प्रश्न विचारला, "आपल्याकडे थंडी जास्त की कोरड जास्त?" मी विचार केला. शाळेच्या व्हरांड्यात तापमापक आहे. सकाळी सातला मी बघायचो. संबंध हिवाळ्यात पारा एकदाच १४ वर गेला. म्हणजे आमची थंडी ती काय! पण पाऊस मात्र ऑक्टोबरपासून बंद. डबकी आटतात. बेडकाला ओली कातडी लागते. तो चिखलात, दगडाखाली जाऊन गप्प बसतो. खेकडा बांधात खोल बीळ करतो, जिथे ओल असेल तिथपर्यंत. गोगलगाय शिंपल्याचे तोंड पातळ पापुद्र्याने बंद करून घेते. झाडांचेही तसेच आहे. सागाचे पान सुपाएवढे. त्यातून किती पाणी उडून जात असेल! म्हणून कोरड वाढत गेली की साग पाने टाकून देतो. काटेसावर तर जानेवारीत अगदी बोडकी होते आणि मग त्या बोडक्या झाडावर लाल लाल फुले येतात. पाने नसल्यामुळे फुले लांबून दिसतात आणि मैना, बुलबुल, कावळे, भोरड्या असे सगळे मध प्यायला गोळा होतात. आंब्याला मात्र थंडी हवीच असते. रात्री गार पडल्याशिवाय त्याला मोहोर चांगला येत नाही. मी वहीत लिहून ठेवले : "आपला हिवाळा म्हणजे थोडी थंडी आणि पुष्कळ कोरड."

खरी थंडी कुठे असते तेही गुरुजींनी वाचून दाखवले. हिमालयात मार्मोट नावाचा खारीच्या जातीतला, पण मांजराहून मोठा प्राणी असतो. तो उन्हाळ्यात खाऊन खाऊन लठ्ठ होतो आणि बिळात सहा-सात महिने झोपतो. त्याच्या छातीचे ठोके अगदी मंद होतात. हिमबिबट्याची शेपटी इतकी लांब आणि केसाळ असते की झोपताना तो ती मफलरसारखी तोंडावर घेतो. काश्मीरचे हंगूल हरीण हिवाळ्यात डोंगरावरून खालच्या दरीत उतरते. म्हणजे तीन उपाय झाले : झोपणे, पांघरणे आणि जागा सोडून जाणे. जागा सोडून जाणाऱ्यांमध्ये पक्षी पहिले. आणि इथून पुढे मला जे लिहायचे आहे, ते लिहायला मला थोडी लाज वाटते.

आमच्या शेतात दरवर्षी नवरात्राच्या सुमाराला धोबी पक्षी येतात. चिमणीपेक्षा जरा लांबट, पांढरा-काळा-करडा, आणि सारखी शेपटी खालीवर आपटणारा. जणू काही दगडावर धुणे धुतो आहे. म्हणून त्याला धोबी किंवा परीट म्हणतात. तो नांगराच्या तासातून तुरुतुरु धावत किडे टिपतो. मला वाटायचे की तो इथलाच आहे आणि पावसाळ्यात कुठेतरी लपतो.

मागच्या वर्षी माझ्याकडे बेचकी होती. माझा नेम चांगला आहे असे सगळे म्हणायचे. मार्च महिना होता. बांधावर एक धोबी शेपटी हलवत होता. मी नेम धरला आणि खडा सोडला. मला खरे तर लागेल असे वाटले नव्हते. पण लागला. मी धावत गेलो आणि त्याला उचलले. तो फार हलका होता. वीस-पंचवीस ग्रॅम असेल. पण हाताला गरम लागत होता. पक्ष्याचे अंग आपल्यापेक्षाही गरम, ४० अंशांच्या आसपास असते, हे मला नंतर कळले. मी त्याला पाणी पाजायला गेलो. त्याने चोच उघडली नाही. थोड्या वेळाने तो गार झाला.

मी त्याला लपवणार होतो, पण आजोबांनी बघितले. मला वाटले, आता मार बसणार. त्यांनी मारले नाही. एवढेच म्हणाले, "पावना होता रं तो. चार दिसांत घरी जायाचा होता. पावन्याला कोनी मारतंय काय?"

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले की धोब्याचे घर कुठे असते. गुरुजींनी भिंतीवरच्या नकाशाजवळ मला उभे केले आणि भिवंडीवर बोट ठेवायला सांगितले. मग माझे बोट धरून वर वर नेले. नाशिक गेले, मध्य प्रदेश गेला, दिल्ली गेली, हिमालय आला. म्हणाले, "काही इथपर्यंत जातात. काही याच्याही पलीकडे सैबेरियापर्यंत. तिथे उन्हाळ्यात घरटी करतात. हिवाळ्यात तिथे बर्फ पडतो, किडे मिळत नाहीत, दिवस लहान होतो. उपाशी मरण्यापेक्षा ते इकडे येतात." मी विचारले, "एवढ्या लांबून तोच पक्षी आपल्याच शेतात येतो का?" गुरुजी म्हणाले, "पक्ष्यांच्या पायात नंबराचे बारीक कडे घालून लोकांनी हे तपासले आहे. पुष्कळ पक्षी दरवर्षी त्याच जागी परत येतात." मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ साली स्थापन झाली. ती अशी कडी घालण्याचे काम बरीच वर्षे करते आहे. डॉ. सलीम अली तिच्यातच काम करीत. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबरचा. आणि आपल्या मराठीत रानावनांवर पुस्तके लिहिणारे मारुती चितमपल्ली ५ नोव्हेंबरचे. चितमपल्ली जून २०२५ मध्ये वारले. या दोघांच्या आठवणीसाठी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. या वर्षी आमच्या शाळेतही पाळला. त्या दिवशी मी माझी बेचकी गुरुजींच्या टेबलावर ठेवली. कोणी मागितली नव्हती.

या वर्षी मी धोबी मोजायचे ठरवले. थंडीच्या सकाळी ते पिसे फुलवून बांधावर बसतात तेव्हा चेंडूसारखे दिसतात. पिसांमध्ये हवा कोंडली की अंगातली ऊब बाहेर जात नाही. आपल्या गोधडीचेही तसेच. गोधडी स्वतः गरम नसते. ती आपलीच ऊब धरून ठेवते. बगळा एका पायावर उभा राहून दुसरा पाय पोटाच्या पिसांत घेतो, त्याचेही कारण तेच. उघड्या पायातून ऊब जाते, म्हणून एक पाय वाचवायचा.

आमच्या शेतात मला सहा धोबी दिसले. मागच्या वर्षी किती होते ते मी मोजले नव्हते. सहाच का, जास्त का नाहीत, याचा विचार करताना मला शेजारचे शेत दिसले. ते आता शेत नाही. उन्हाळ्यात तिथे डंपरने मुरूम आणून टाकला. भराव आमच्या बांधापेक्षा माणसाच्या उंचीएवढा वर आला. पावसाळ्यात त्याचे पाणी आमच्या भातात उतरले. दिवाळीपर्यंत वर पत्रेही चढले. आता तिथे मोठे गोदाम आहे. नवरात्रात दोन धोबी त्या भरावावर आले होते. ते इकडून तिकडे धावले, मुरमात चोच मारली, परत धावले. मग उडून कंपाउंडवर बसले. दोन दिवस ते येत होते. नंतर दिसले नाहीत. ते आमच्या सहांमध्ये मिसळले की दुसरीकडे गेले, मला सांगता येत नाही.

गोदामे वाईट आहेत असे मी म्हणत नाही. माझा दादाच गोदामात पॅकिंगच्या कामाला जातो. त्याच्या पगारातून माझी वही आली, जिच्यात मी हे लिहिले. लोक मुंबईत मोबाइलवर वस्तू मागवतात आणि ती आमच्या भिवंडीतून जाते, याचा दादाला अभिमान वाटतो. पण जानेवारीत आमच्या घरी एक माणूस आला. गाडी दारात लावून ओटीवर बसला. चहा प्यायला. आमच्या शेताचा भाव सांगितला. तो आकडा ऐकून आई आतून बाहेर आली. बाबा काही बोलले नाहीत. ताईचे लग्न आहे, सोसायटीचे कर्ज आहे, आणि भरावाचे पाणी शिरल्यामुळे या वर्षी भात निम्मेच झाले. हे सगळे मला कळते. आजोबा त्या रात्री जेवले नाहीत.

मी बाबांना म्हणालो, "बाबा, नवरात्रात धोबी येतील तेव्हा कुठे उतरतील?" बाबा म्हणाले, "आधी आपण कुठं उतरायचं ते बघू." मला वाईट वाटले. पण नंतर बाबांनी मला वही मागितली आणि कंदिलाशेजारी बसून वाचली, कारण लाइट गेली होती. धोब्याचे पान वाचून झाल्यावर विचारले, "सहाच?" मी म्हणालो, "हो." ते म्हणाले, "माझ्या लहानपणी मोजता येत नव्हते." एवढेच. त्या माणसाला बाबांनी अजून हो म्हटले नाही, नाही पण म्हटले नाही.

गुरुजींनी शिकवले की प्राणी हिवाळ्याशी जुळवून घेतात. पाल फोटोमागे जाते, खेकडा खोल जातो, साग पाने टाकतो, धोबी हिमालय ओलांडून येतो. हे सगळे शिकायला त्यांना फार फार वर्षे लागली आहेत. एका उन्हाळ्यात टाकलेल्या भरावाशी कसे जुळवून घ्यायचे, ते त्यांना कसे येणार?

ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी येतात. त्यांच्यासाठी २०१५ साली सरकारने अभयारण्य केले आणि २०२२ साली ती जागा रामसर यादीत गेली, म्हणजे तिचे महत्त्व जगाने मानले. ते चांगलेच झाले. पण रोहित मोठे आणि गुलाबी असतात, लोक बोटीतून बघायला जातात. सहा धोब्यांसाठी कोणी अभयारण्य करणार नाही. त्यांच्यासाठी आपला बांधच अभयारण्य आहे.

म्हणून मी काही छोट्या गोष्टी सुचवतो. बेचकी सोडून द्यावी. उडवीत साप दिसला तर ओरडावे, पण लगेच ठेचू नये, लांब उभे राहून वाट बघावी. माळावर आणि बांधावर उगाच वणवा लावू नये, कारण पाल्याखाली कोण झोपले आहे ते आपल्याला दिसत नाही. आणि ज्यांच्या शेताशेजारी भराव होणार आहे त्यांनी निदान पाणी जायला वाट ठेवायला सांगावे.

आता माघ संपत आला आहे. पळसाला कळ्या आल्या आहेत. कालच सकाळी मी पाच धोबी मोजले. एक आधीच निघाला असेल, किंवा मला दिसला नसेल. थोड्या दिवसांत सगळे जातील. वहीची आठ पाने मी मुद्दाम कोरी ठेवली आहेत. पुढच्या नवरात्रात मी आठवीत असेन, दुसऱ्या शाळेत. पण सकाळी शेतावर जाईन आणि मोजीन. तोपर्यंत शेत असले, तर.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी